लंडन की किचनर

११ जानेवारी, शनिवार
लेकीची, मित्राची, व्हॉलीबॉल प्रॅक्टिस. मी शाळेच्या पार्किंगमध्ये, गाडीत, हीटर लावून. दीड तास माझा.

वहीची मागची पानं. तीन रकाने: लंडन, किचनर, ब्रॉसार्ड. ऑक्टोबरपासून दर आठवड्याला हेच, आणि दर आठवड्याला पान नवीन, कारण आधीच्यात काहीतरी विसरलेलं असतं. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, दोन वर्षं. लंडन आणि किचनरच्या फीमध्ये दोनेकशे डॉलरचा फरक, म्हणजे काहीच नाही. फरक आहे तो बाकीच्यात. किचनर आमच्या ग्वेल्फपासून अर्धा तास. घरून ये-जा, गॅस, पार्किंग पास, आणि दुसरी गाडी, कारण ही नवरा, प्रशांत, प्लांटला नेतो. लंडन म्हणजे इथलंच, आमच्या प्रांतातलं, दीड तास. रोज जमणार नाही, म्हणजे खोली घेणं आलं. ब्रॉसार्डला रेखा आहे. धाकट्या बहिणीकडे राहिलं तर खोलीचं भाडं नाही, आणि क्यूबेकमध्ये कॉलेजची फीही नावापुरती. पण फ्रेंच.

प्रशांतला बोलले नाही अजून. सप्टेंबरमध्ये मित्रा युनिव्हर्सिटीत जाणार. तिचं इंजिनिअरिंग. घरात त्याच वर्षी दुसरी विद्यार्थिनी कशी

आली मित्रा. बंद.

१४ जानेवारी
सकाळची ड्यूटी. बाहेरच्या लॅबमधून एक मुलगी रक्त घ्यायला आली होती. दोनशे चौदा नंबरच्या खोलीतल्या आजींचा हात घेतला, एकदा टोचलं, नाही मिळाली शीर. दुसऱ्यांदा. आजी डोळे मिटून बसलेल्या. मी ओटमीलचा ट्रे घेऊन दारात उभी. मला दिसत होती ती शीर, कोपराच्या बाहेरच्या अंगाला, जरा तिरकी. हात खाली सोडायला सांगायचा फक्त. नागपूरला धंतोलीच्या लॅबमध्ये आठ वर्षं रोज साठ-सत्तर हात बघितले आहेत मी.

बोलले काहीच नाही. किचनवाल्या बाईने काय बोलावं. तिसऱ्यांदा मिळाली. ओटमील गार झालं ते बदलून आणलं.

दिवसभर हाताची बोटं नुसती हलत होती.

२० जानेवारी
नागपूरला दादाला फोन. बारावीची मार्कलिस्ट बोर्डाकडून थेट इकडे यायला हवी, सीलबंद. त्यावर नाव माहेरचं, इथे सगळीकडे सासरचं. म्हणजे लग्नाचं सर्टिफिकेट, अॅफिडेव्हिट.

दादा म्हणाला, "हॉस्पिटलात नोकरी आहे नं तुझी? मग आता काऊन शिकून राहिली?"

अकरा वर्षं घरी हेच सांगत आले, हॉस्पिटलसारखंच आहे म्हणून. आज सांगितलं खरं. "म्हाताऱ्या लोकांचं होम आहे दादा. मी किचनमध्ये आहे. ट्रे नेते, टेबलं पुसते."

तिकडे कागद-पेन शोधल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "कोणता फॉर्म, सांग. उद्या सुट्टी टाकतो."

फोन ठेवल्यावर वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

३१ जानेवारी, शुक्रवार
उद्या शेवटची तारीख. आज अप्लाय केलं. पाच पर्याय भरता येतात, मी दोनच भरले. ब्रॉसार्ड आमच्या प्रांताच्या या साइटवर नाही, ते वेगळं. माझ्या कार्डावरून पैसे भरले.

मित्राने पकडलं. लॅपटॉप एकच, तिच्याही अॅप्लिकेशनचे मेल त्याच्यावर. "मॉम, व्हाय इज देअर अ कॉलेज थिंग इन युअर नेम?"

सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सो वी आर बोथ वेटिंग. धिस इज सो वीअर्ड." मग जवळ येऊन स्पेलिंग तपासून दिलं. इंग्लिशच्या दोन चुका काढल्या. बाबांना आत्ता सांगू नको म्हटलं तर म्हणाली, "इट्स युअर न्यूज."

माझी न्यूज. असं कुणी कधी म्हटलं नव्हतं मला.

९ फेब्रुवारी
काही नाही. मेल बघणे. बर्फ शोव्हल केलं दोनदा. मेल बघणे.

२२ फेब्रुवारी, शनिवार
लंडनला जाऊन आले. कॉलेजची माहिती द्यायचा दिवस होता. प्रशांतला मिसिसॉगाला इंडियन ग्रोसरीला जाते म्हणून सांगितलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एवढं मोठं खोटं पहिलंच. येताना खरंच वाटेतून तूरडाळ घेऊन आले.

लॅब दाखवली. सेंट्रिफ्यूज, मायक्रोस्कोप, ओळीने स्टूल. दाखवणारी बाई म्हणाली काही विचारायचं आहे का. बाकीचे सगळे सतरा-अठराचे, आयांबरोबर आलेले. एकीने मलाच कुणाची आई समजून विचारलं, "विच वन इज युअर्स?" मी म्हटलं, "मी." ती हसली, मग म्हणाली, "गुड फॉर यू." वाईट नव्हती.

नंतर खोली बघितली. कॉलेजपासून बसने दहा मिनिटं. एका पंजाबी बाईंचं घर, बेसमेंट, तीन खोल्या मुलींना देतात. किचन कॉमन. खोलीत पलंग, टेबल, वर छोटी खिडकी, खिडकीत बर्फ. बाई हिंदीत म्हणाल्या, "बेटी के लिए देख रही हो?" मी हो म्हटलं.

त्या भाड्याचं सांगत होत्या, मी पलंगावर बसले. टेबलावर हात ठेवून बघितला. आयुष्यात मी कधी एकटीच्या खोलीत राहिलेले नाही. माहेरी आम्ही चौघं एका खोलीत, मग सासर, मग इथे. दार लावलं तर ते माझं दार, असं कधी झालंच नाही.

पार्किंगमध्ये येऊन आकडे लिहिले. खोली धरली की लंडन किचनरच्या कितीतरी वर जातं. वहीप्रमाणे प्रश्नच नाही, किचनर.

परतताना चारशे एक नंबरच्या हायवेवर बर्फ सुरू झालं. ट्रकच्या मागे मागे हळूहळू येत होते आणि डोक्यात खोलीत पुस्तकं कुठे ठेवायची ते चाललेलं.

लाज वाटली. ज्याची लाज वाटायला हवी त्या खोटं बोलण्याची नाही, याची.

२५ फेब्रुवारी
पुन्हा हिशेब केला. किचनर.

२७ फेब्रुवारी
पुन्हा. या वेळी दुसरी गाडी नवी धरली, विंटर टायर धरले, इन्शुरन्स धरला. फरक कमी झाला. मुद्दाम करते आहे मी हे. कळतंय.

११ मार्च, ब्रॉसार्ड
मार्च ब्रेक. मित्रा आणि मी रेखाकडे, साडेसहा तास गाडी. प्रशांतला रजा नाही, आठवडाभर तो प्लांटला दुसऱ्या कुणाच्या गाडीने.

रेखाचं एकच पालुपद, "इकडे ये. इकडच्या कॉलेजला, सेजेपला, फी कुठे असते गं? मी नाही का शिकले?" ती इथे फ्रेंच शिकली, मग लहान मुलांना सांभाळायचा कोर्स केला, आता गार्दरीत, म्हणजे पाळणाघरात, कायमची नोकरी. तिच्या फ्रिजवर तिचं शिफ्टचं वेळापत्रक, सगळं फ्रेंच. खालच्या देपानरमध्ये, कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध आणायला गेलो तर दुकानदाराशी ती भराभर बोलली आणि मी शेजारी पिशवी धरून उभी. माझी बहीण वाटेना मला.

संध्याकाळी भाजी निवडताना मी विचारलं, कोर्स सोपा गेला का.

म्हणाली, "ताई, मी फुकट शिकले असं सगळ्यांना सांगते. पण पहिली तीन वर्षं मी कोणाशी मनातलं बोललेच नाही. वर्गात फ्रेंच येत नव्हतं, घरी आल्यावर मराठी बोलायची ताकद नव्हती. यांना वाटायचं मी रागावली आहे. अजून वाटतं."

मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिली. मग म्हणाली, "तरी ये."

इथल्या रहिवाशाची फी लागू व्हायला आधी मुक्काम दाखवावा लागतो, फ्रेंचची परीक्षा. म्हणजे दोनाची चार वर्षं. ब्रॉसार्डचा रकाना आज खोडला. रेखाला सांगितलं नाही.

२ एप्रिल
लंडनचा मेल. ऑफर. किचनरचाही आला: वेटलिस्ट.

ब्रेकमध्ये वाचलं. ट्रॉली तशीच सोडून बाहेर जाऊन उभी राहिले. परत आत आले तर सुपरवायझर म्हणाली, ऑल गुड? म्हटलं, ऑल गुड.

१ मेपर्यंत ऑफर कन्फर्म करायची.

१२ एप्रिल, शनिवार
चौदा एप्रिलची जयंती आमच्या मंडळाने आजच ठेवलेली, कम्युनिटी हॉलमध्ये. वंदना, मुलांची भाषणं, मग जेवण. प्रशांत कार्यक्रमाचा सेक्रेटरी, सकाळपासून माइकच्या मागे धावत होता. मी भाताच्या टेबलाशी.

नागपूरचीच एक मुलगी भेटली, पल्लवी. सहा महिने झाले येऊन, नवरा इकडे नोकरीला. म्हणाली, "ताई, मला शिकायचं आहे, पण कोणतं कॉलेज परवडतं तेच कळत नाही. सगळ्यांच्या साइटवर वेगवेगळंच लिहिलेलं आहे."

मग मी सांगायला लागले. फीचा आकडा बघू नको फक्त, त्याच्याखाली बघ. इतर चार्जेस वेगळे लावतात. बस पास त्यात आहे का विचार. लॅबचा कोट, बूट, लसी, पोलीस चेक, सगळं आपल्या खिशातून. प्रॅक्टिकलला कुठे पाठवतात ते विचार, दुसऱ्या गावाला पाठवलं तर गॅस. सरकारी एड नवऱ्याच्या पगारावर ठरते, तेव्हा फार धरून चालू नको. पुस्तकं जुनी घे. किचनरला घरून जाता येतं पण वेटलिस्ट असते, लंडनला जागा मिळते पण राहायचं बघ. भाताचा डाव हातातच होता. तिच्या मागे आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. एकीने कागद काढून लिहून घेतलं.

"तुम्ही कॉलेजमध्ये आहात का ताई?" पल्लवीने विचारलं.

"मला ऑफर आली आहे लंडनची," मी म्हटलं.

आणि बघितलं तर प्रशांत. ताट घेऊन उभा होता, भातासाठी. किती वेळ उभा होता माहीत नाही.

मी भात वाढला. तो म्हणाला, "बस."

घरी येताना मित्रा मागे कानात इअरफोन घालून. हेस्पेलर रोडच्या सिग्नलला त्याने विचारलं, "केव्हापासून?"

"ऑक्टोबर."

"मित्राला माहीत आहे?"

"हो."

सिग्नल सुटला.

१३ एप्रिल
प्रशांत सकाळी चहा घेताना म्हणाला, "तू शिकायला मी कधी नाही म्हटलं?"

नाही म्हटलं नाही. खरंच नाही. त्याने कधी विचारलंही नाही.

हे मी बोलले नाही. मी म्हटलं, "मित्राचं वर्ष आहे. मला वाटलं तू म्हणशील थांब."

"म्हटलं असतं कदाचित," तो म्हणाला. "पण माझ्याशी बोलायचं नं. तिथं भातापाशी कळावं मला?" मी पाहिलं नाही त्याच्याकडे. चूक माझी आहे, आणि तरी तो 'म्हटलं असतं' म्हणाला तेच ऐकू येतंय.

१५ एप्रिल
प्रशांतने वही मागितली. मागची हिशेबाची पानं तेवढी फाडून दिली. आता त्याने लॅपटॉपवर शीट केली आहे. हिरवे रकाने, पिवळे रकाने. दोन दिवस प्लांटवरून आला की तेच. माझ्यापेक्षा उत्साह त्याला. म्हणतो किचनरचं वेटलिस्ट उघडेल, थांबू. शीटप्रमाणे किचनर.

सात महिने वहीत लिहीत होते ते आता त्याचं झालं. भांडी जरा आपटलीच आज.

१६ एप्रिल
प्रशांतने हाक मारली, इकडे ये म्हणून. शीटमध्ये बोट ठेवलं. "यात एक चूक आहे तुझी. मोठी."

मी बघितलं. कळेना.

"तुझा पगार. दोन वर्षं नोकरी सोडशील नं? तो कुठेच लिहिला नाहीस. तीन कॉलेजं, इतकी पानं, पार्किंग लिहिलं, बुटाची लेस लिहिली. तुझा पगार नाही."

खरंच नव्हता. एकाही पानावर नव्हता. अकरा वर्षं पहाटे उठून जाते आहे, मित्राचे क्लासेस त्यातून झाले, बेसमेंटचं फ्लोअरिंग त्यातून झालं. आणि जाणार म्हटल्यावर तो पगार जाणार आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तो म्हणाला, "म्हणजे दोन्ही कॉलेजं तितकीच महाग झाली. फरक तोच राहतो." मग माझं तोंड बघून म्हणाला, "मी टोमणा नाही मारून राहिलो वैशाली."

माहीत आहे म्हटलं. बाहेर जाऊन उगीच कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला. उद्या कचऱ्याचा दिवसच नव्हता.

२४ एप्रिल
खोलीचं सांगितलं त्याला. मिसिसॉगाचं खोटंही सांगितलं. तूरडाळ आठवली त्याला, हसला थोडा. मग म्हणाला, "आवडली होती का खोली?"

बरी होती म्हटलं.

३० एप्रिल, बुधवार
लंडन कन्फर्म केलं. किचनरच्या वेटलिस्टवर नाव तसंच. आलं तर बदलता येतं. प्रशांतने सांगितलं म्हणून केलं असं लिहिणार होते, पण बटण दाबायच्या आधीच तो दूध आणायला गेला होता.

२५ मे
मित्राचं ठरलं. ओटावा. ग्वेल्फलाही मिळालं होतं, घरात राहून. मी तिला म्हटलं, माझ्यामुळे काही ठरवू नको, इकडेही नाही अन् तिकडेही नाही. ती म्हणाली, "मॉम, आय पिक्ड इट बिकॉज आय वॉन्ट टु गो. दॅट्स इट."

दॅट्स इट. अठराव्या वर्षी किती सरळ वाक्य. तिच्या फीचा रकाना शीटमध्ये आता माझ्या शेजारी आहे.

जेवताना प्रशांतच्या लक्षात आलं. भाकरी मोडता मोडता थांबला. "म्हणजे सप्टेंबरमध्ये मी एकटाच इथे?"

मित्रा ताटाकडे बघत होती.

तो म्हणाला, "वरण येतं मला. पोळ्या विकत आणू."

पुढे दही मागितलं. मी दिलं. रात्रीची भांडी त्याने घासली, न सांगता, आणि कुकरची शिट्टी कुठेतरी ठेवली ती सापडत नाही.

३ जून
सुपरवायझरला सांगितलं ऑगस्टअखेर सोडणार. तिने विचारलं लंडनलाच का, इतकं लांब. जागा तिथेच मिळाली म्हटलं. लोकांना हे लगेच पटतं. मलाही सोयीचं आहे.

पंजाबी बाईंचा फोन आला होता. बेटीसाठी खोली ठेवू का विचारत होत्या. मी म्हटलं, बेटीसाठी नाही, माझ्यासाठी आहे. त्या म्हणाल्या, "अच्छा." मग म्हणाल्या, "तो किचन के ऊपरवाला शेल्फ तुम ले लेना, लड़कियाँ तो कुछ पकाती नहीं."

डिपॉझिट अजून पाठवलं नाही.

१२ जून, गुरुवार
किचनरचा मेल आला. जागा उघडली. पाच दिवसांत हो किंवा नाही.

दुपारी दोनला ड्यूटी सुटल्यावर वाचला. बस स्टॉपवर बसून तीनदा वाचला. एप्रिलपासून ज्याची वाट बघितली ते आलं आणि मला आनंद झाला नाही. बरं झालं आजूबाजूला कोणी नव्हतं.

सरळ घरी गेले नाही. नदीकाठी बसमधून उतरून चालत राहिले, कामाचे बूट तसेच. मित्रा ओटावाला, मी किचनर, रोज संध्याकाळी घरी, तो जेवायला समोर. पैसे वाचतात. त्याला एकटं राहावं लागत नाही. एवढं सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला लिहायला माझ्याकडे आकडाच नाही.

प्रशांत सहाला आला. बूट काढायच्या आत सांगितलं. या वेळी त्याला दुसरीकडून कळायला नको होतं.

"किचनरचं आलं."

तो आधी हसला, अगदी मोकळं. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू हळूहळू कमी झालं. एक बूट पायात, एक हातात.

"किती दिवस आहेत?"

"पाच."

दारातल्या बाकावर बसला. लॅपटॉप टेबलावरच होता, त्याने तिकडे बघितलंही नाही. म्हणाला, "शीटमध्ये काय आहे ते मला पाठ आहे. तुला काय पाहिजे ते सांग. मी ऐकतो. मध्ये बोलणार नाही."

एकोणीस वर्षांत हा प्रश्न असा पहिल्यांदा आला. उत्तर तोंडाशी आलं होतं, एका शब्दाचं: लंडन. त्याच्या पायात एकच बूट होता आणि तो खरोखर मध्ये बोलत नव्हता. मी त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.

मित्रा वरून ओरडली, डिनरला काय आहे म्हणून. आम्ही दोघंही उठलो नाही.